जिप्सी 1.3: टायमिंग बेल्ट बदल आणि त्याचा ताण (प्रकल्प नोंदी)

गाडी: मारुती जिप्सी किंग, 1998, कार्ब्युरेटरची. इंजिन जी13बीए, 1298 सीसी, चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह, वर एकच कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे. फायरिंग ऑर्डर 1-3-4-2. काम पुण्यात. 2000 साली आलेल्या 16 व्हॉल्व्हच्या इंजेक्शनवाल्या जिप्सीला खालचे आकडे आंधळेपणाने लावू नयेत.

4 मे: उघडण्याआधीची मापे

टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या मुख्य दांड्यावरून, म्हणजे क्रँकवरून, कॅम फिरवणारा दातेरी पट्टा) शेवटचा कधी बदलला याची कुठलीही नोंद गाडीसोबत नाही आणि मीटरची केबल मधल्या काळात तुटलेली, त्यामुळे किलोमीटरचा हिशेब निरर्थक. रबर उभ्या गाडीतही जुने होते. आमचा ठोकताळा साधा आहे: 80 हजार किलोमीटर किंवा पाच वर्षे, जे आधी येईल ते, आणि वय माहीत नसेल तर लगेच. या आठ व्हॉल्व्हच्या इंजिनात बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह सहसा पिस्टनला भिडत नाहीत, गाडी जागच्या जागी बंद पडते एवढेच. पण हेड एक-दोनदा ग्राइंड करून घेतलेले असेल तर मधली जागा तेवढी कमी झालेली असते, म्हणून ‘या इंजिनाला काही होत नाही’ या बोलण्यावर विसंबून बेल्ट बदलणे लांबवत बसू नये.

तक्रार: चढाला दम नाही, खालच्या आरपीएमला गाडी ओढत नाही, पुढून बारीक शिट्टीसारखा आवाज येतो आणि तो आरपीएमबरोबर चढतो. खालच्या कव्हरच्या कडेला ऑइलचा ओला पट्टा.

उघडण्याआधी तीन मापे घेतली. ही आधीची मापे नसली की नंतर काय सुधारले ते कळत नाही.

व्हॅक्यूम गेज इनटेक मॅनिफोल्डला लावला. आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) पाऱ्याचे 13 इंच, काटा स्थिर. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटरवर असल्याने इथे कुठल्याही इंजिनाचे वाचन मुंबईपेक्षा साधारण 2 इंच कमीच येते. तरी धडधाकट इंजिनाने इथे 16 ते 18 दाखवायला हवेत. काटा थरथरत असता तर एखाद्या व्हॉल्व्हचा किंवा प्लगचा संशय घेतला असता. स्थिर आणि खाली याचा अर्थ सगळ्या सिलिंडरांना सारखाच त्रास आहे.

कॉम्प्रेशन: इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, बॅटरी चार्ज. 10.6, 10.5, 10.7, 10.5 किलो (दर चौरस सेंटिमीटरला). मॅन्युअलप्रमाणे नवे इंजिन 14, किमान मर्यादा 12 आणि सिलिंडरांतला फरक 1 किलोपेक्षा जास्त नको. पुण्याच्या उंचीवर 13 च्या आसपास चांगले मानायचे. इथे फरक जवळजवळ नाहीच, पण चारही खाली आहेत. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजले तर आकडा फारसा हलला नाही. पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तर तो वर चढला असता.

तिसरी गोष्ट गेजशिवाय दिसते. डिस्ट्रिब्युटर (प्लगांना पाळीपाळीने स्पार्क पाठवणारा भाग) त्याच्या खाचेत ॲडव्हान्सच्या, म्हणजे स्पार्क लवकर पडण्याच्या, बाजूला अगदी टोकाला ढकललेला आहे. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर हेडच्या मागच्या बाजूला असतो आणि कॅमवरून चालतो. म्हणजे बेल्ट एक दात मागे बसला तर व्हॉल्व्हचे टायमिंग उशिरा होतेच, शिवाय स्पार्कही तेवढाच उशिरा पडतो. मग कोणीतरी टायमिंग लाइट लावतो, डिस्ट्रिब्युटर फिरवत नेतो आणि स्पार्क जागेवर आणतो. गाडी चालते. व्हॉल्व्ह मात्र उशिराच उघडत राहतात. डिस्ट्रिब्युटर खाचेच्या टोकाला गेल्याशिवाय टायमिंग बसत नसेल तर कार्ब्युरेटर उघडण्याआधी बेल्टच्या खुणा बघाव्यात.

एक दात म्हणजे नक्की किती, हे पुली बघून काढता येते. क्रँकच्या दातेरी पुलीचे दात मोजायचे आणि 360 ला त्यांनी भागायचे. 20 दातांची पुली असेल तर एक दात म्हणजे क्रँकचे 18 अंश. स्पार्कच्या बाबतीत तर 18 अंश ही फारच मोठी चूक आहे.

6 मे: सामान

टायमिंग बेल्ट, टेन्शनर (बेल्टला ताणून धरणारी फिरती चकती), टेन्शनरची स्प्रिंग, कॅमचे ऑइल सील, क्रँकचे पुढचे ऑइल सील, वॉटर पंप गॅस्केटसकट, त्याची दोन रबरी सीलं, रॉकर कव्हरचे गॅस्केट, फॅन बेल्ट, कूलंट 5 लिटर (निम्मे कूलंट, निम्मे डिस्टिल्ड पाणी).

या इंजिनात वॉटर पंप टायमिंग बेल्टवर चालत नाही, तो फॅन बेल्टवर चालतो. तरीही आत्ताच बदलायचा, कारण तो काढायला टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर दोन्ही उतरवावे लागतात. सहा महिन्यांनी पंप गळू लागला तर हीच मजुरी पुन्हा.

स्प्रिंग स्वस्त असते, म्हणूनच तिच्याकडे कोणी बघत नाही. दुकानदार बेल्ट आणि टेन्शनर काउंटरवर ठेवतो, स्प्रिंग मागितली की ‘जुनीच लावा, काय होतंय’ म्हणतो. या इंजिनात ताण ठरवणारी एकमेव वस्तू तीच आहे. जुनी ताणून लांब झाली असेल तर नवा बेल्टही ढिला बसेल. नवी आणल्यावर जुनी शेजारी ठेवून मोकळी लांबी कॅलिपरने मोजायची. वेटोळ्यांमध्ये फट दिसू लागली असेल तर ती गेलीच.

बेल्ट घेताना खोक्यावरचा नंबर बघून समाधान मानू नये. जुन्याचे दात मोजायचे, नव्याचे मोजायचे. रुंदी मिलिमीटरमध्ये. दाताचा आकार शेजारी धरून: चौकोनी दात आणि गोल दात एकमेकांच्या जागी बसल्यासारखे वाटतात, पण पुलीत नीट बुडत नाहीत आणि काही हजार किलोमीटरमध्ये मुळापासून फाटतात. बाजारात डुप्लिकेट माल भरपूर आहे. छपाई नखाने निघाली किंवा पाठीवरची जोडरेघ जाड दिसली तर परत करावा.

बेल्टच्या आत काचेच्या धाग्यांच्या दोऱ्या असतात. त्या ओढ झेलतात, पण घडी सहन करत नाहीत. खोक्यातून काढून खिळ्याला टांगणे, उलटा करून बघणे, मुठीपेक्षा लहान वळण देणे, हे सगळे टाळायचे. आत तुटलेला दोरा बाहेरून दिसत नाही.

9 मे: उघडणे

बॅटरीची निगेटिव्ह काढली. इंजिन थंड असताना कूलंट बादलीत सोडले. रेडिएटरची शाऊड सोडवून मागे घेतली, मग फॅन.

क्रम इथे महत्त्वाचा. वॉटर पंपाच्या पुलीचे नट फॅन बेल्ट ताणलेला असतानाच सैल करायचे. बेल्ट पुलीला धरून ठेवतो. आधी बेल्ट काढला तर पुली पान्याबरोबर गरगर फिरते आणि मग पेचकस अडकवून कडा मोडल्या जातात. क्रँक पुलीसाठी मधला मोठा बोल्ट हलवायची गरज नाही: त्याच्या भोवतीचे छोटे एम6 बोल्ट काढले की पुली सुटते. गाडी चौथ्या गिअरमध्ये, एकाने ब्रेक दाबून धरला की क्रँक फिरत नाही. मधला बोल्ट फक्त क्रँकचे सील बदलायचे असेल तेव्हा. इथे बदलायचे आहेच, म्हणून तोही आत्ताच, गिअर आणि ब्रेकची मदत आहे तोवर सैल करून पुन्हा हाताने टेकवून ठेवला.

बाहेरच्या कव्हरचे बोल्ट 10 नंबरच्या गोटीने. खालचे दोन चिखलाने गंजलेले. पेनिट्रेटिंग ऑइल मारून अर्धा तास थांबलो. ॲल्युमिनियममध्ये घट्ट बसलेला एम6 बोल्ट जोर लावून फिरवला की डोके तुटते किंवा बोल्ट ब्लॉकचे आटे घेऊन बाहेर येतो. कव्हरच्या कडेची रबरी पट्टी खालच्या अर्ध्या भागात नाहीच. आतमध्ये बारीक लाल मातीचा थर. ताडोबासारख्या ठिकाणी दिवसभर दुसऱ्या गाडीच्या धुळीत चालणाऱ्या जिप्सींमध्ये हे कायमच दिसते: पट्टी नसली की धूळ दातांच्या मुळाशी जाऊन बसते आणि बेल्टबरोबर पुलीलाही झिजवते. नवी पट्टी सामानाच्या यादीत टाकली.

चारही प्लग काढून क्रँक मोठ्या बोल्टवरून घड्याळाच्या दिशेने (समोरून बघताना) फिरवला. कॅम पुलीच्या बोल्टवरून इंजिन कधीही फिरवायचे नाही. सगळा भार बेल्टवर येतो. क्रँकच्या दातेरी पुलीवरचा पंचमार्क ऑइल पंपाच्या बॉडीवरच्या बाणासमोर आणला. क्रँकची किल्ली (पुलीला शाफ्टवर फिरण्यापासून अडवणारा लोखंडी तुकडा) किंवा बाहेरच्या पुलीवरची इग्निशनची खाच ही बेल्टची खूण नव्हे. घोळ बहुतेक वेळा इथेच होतो.

आता वर बघायचे. कॅम पुलीवरची खूण आतल्या कव्हरवरच्या ‘व्ही’च्या बरोबर समोर हवी होती. ती डावीकडे, बरोबर एक दात अलीकडे. कॅम घड्याळाच्या दिशेने फिरतो, म्हणजे ती अजून ‘व्ही’पर्यंत पोहोचलेलीच नाही: कॅम उशिरा. 4 मे रोजीच्या तिन्ही मापांचे उत्तर या एका दातात आहे.

डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून रोटर कुठल्या तारेकडे बघतो ते बॉडीवर मार्करने लिहिले. खुणा जुळल्या म्हणजे पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर आला असे गृहीत धरू नये. क्रँकची तीच खूण कॅमच्या एका फेऱ्यात दोनदा येते. डिस्ट्रिब्युटर काढावा लागला आणि ही नोंद नसली की 180 अंश उलटा बसतो आणि कार्ब्युरेटरमधून ठो-ठो सुरू होते.

टेन्शनरच्या कडेवर पेचकस घालून रेटल्याच्या दोन खोल खुणा. बेल्टला हाताने दाबले तर तो सतारीच्या तारेइतका कडक. शिट्टीचा आवाज इथूनच. कोणीतरी स्प्रिंगवर विश्वास न ठेवता टेन्शनर रेटून बेल्ट ‘टाइट’ केला आणि त्याच अवस्थेत बोल्ट कसला. टेन्शनरचे बेअरिंग बोटावर फिरवल्यावर खरखर लागते.

जुना बेल्ट उतरवून उलटवून पाहिला. दाताच्या मुळाशी आडव्या बारीक चिरा, पाठ काचेसारखी चकाकणारी, एका कडेला दोऱ्याचे केस निघालेले. चकाकी म्हणजे रबर कडक झाले. कडेचे केस म्हणजे बेल्ट एका बाजूला सरकून घासत होता, आणि वाकडा टेन्शनर हे त्याचे नेहमीचे कारण.

10 मे: सीलं आणि वॉटर पंप

कॅम पुली काढण्यासाठी रॉकर कव्हर उतरवले. कॅमला एक आडवे भोक असते, त्यात 10 मिमीचा गोल रॉड घालून कॅम अडवायचा. रॉड हेडच्या कडेवर टेकतो तिथे जाड फडके, नाहीतर गॅस्केटच्या जागेवर खड्डा पडून कायमचे ऑइल गळत राहते. पुलीचा बोल्ट परत बसवताना 50–60 न्यूटन-मीटर.

कॅमचे जुने सील काढताना पेचकस शाफ्टला लागू द्यायचा नाही. शाफ्टवरचा एक बारीक ओरखडा नवे सीलही गळवतो. नव्याच्या ओठाला इंजिन ऑइल, बाहेरची कड कोरडी, सारख्या मापाच्या पाइपच्या तुकड्याने हलके ठोकत जुने होते त्याच खोलीवर.

क्रँकचे सील ऑइल पंपाच्या बॉडीत बसते. दातेरी पुली काढली तेव्हा किल्ली आणि खाच दोन्ही तपासली. जी13 घराण्यातल्या इंजिनांचा हा दुखरा भाग आहे: मधला बोल्ट पुरेसा कसलेला नसला की पुली किल्लीवर अगदी थोडी पुढेमागे आपटत राहते, खाच रुंद होते आणि टायमिंग चालता चालता बदलते. बाहेरून दिसते ते असे की टायमिंग लाइटखाली खूण स्थिर राहत नाही. इथे किल्ली घट्ट आहे, खाचेच्या कडा धारदार आहेत. पुढचे काम सोपे झाले. मधल्या बोल्टचा टॉर्क वेगवेगळ्या वर्षांच्या मॅन्युअलमध्ये वेगवेगळा छापलेला आहे, म्हणून ऐकीव आकड्यावर न जाता त्या वर्षाच्या गाडीचेच पान उघडावे, आणि टॉर्क रेंच वापरावा. ‘हाताला कळतं’ म्हणणाऱ्यांनीच त्या खाचा खाल्ल्या आहेत.

दातेरी पुलीच्या मागची पत्र्याची गाइड चकती परत लावताना तिची खोलगट बाजू ऑइल पंपाकडे. उलटी लागली तर बेल्टची कड घासून काढते.

वॉटर पंप: नवा पंप लावताना दोन रबरी सीलं विसरली जातात, एक पंप आणि ऑइल पंप यांच्यामध्ये, दुसरे पंप आणि हेड यांच्यामध्ये. ती पाणी अडवत नाहीत, धूळ आणि पाणी बेल्टच्या खोलीत येण्यापासून अडवतात. त्यामुळे ती नसली तरी गाडी गळत नाही आणि चूक कधीच कळत नाही.

सगळ्या पुल्या ब्रेक क्लीनरने धुऊन सुक्या फडक्याने पुसल्या. दातांत बसलेली माती लाकडी काडीने काढली.

11 मे: बेल्ट आणि ताण

या इंजिनात ताण माणूस देत नाही, स्प्रिंग देते. आपले काम एवढेच की स्प्रिंगला आडवे येणारे सगळे दूर करायचे आणि तिने बेल्ट जिथे ओढून ठेवला तिथेच बोल्ट कसायचा.

पहिला अडथळा व्हॉल्व्ह स्प्रिंगांचा. रॉकर कव्हर काढलेलेच आहे. आठही टॅपेटचे (व्हॉल्व्हवरची फट ठरवणाऱ्या स्क्रूंचे) लॉकनट सैल करून स्क्रू पूर्ण मागे फिरवले, इतके की कॅम बोटाने सहज फिरावा. हे का करायचे ते एकदा कॅम हाताने फिरवून पाहिल्यावर कळते. टॅपेट घट्ट असताना कॅम मधेच अडतो, मग एखादा लोब (कॅमवरचा उंचवटा) पार झाला की स्वतःहून पुढे उडी मारतो. व्हॉल्व्हची स्प्रिंग त्याला ढकलत असते. टेन्शनरची स्प्रिंग त्यामानाने फार कमजोर. कॅम मागे ढकलला जात असेल तर टेन्शनर नसलेली बाजू ताणली जाते आणि सगळी ढील टेन्शनरकडे येते. पुढे ढकलला जात असेल तर उलटे. दोन्ही वेळा टेन्शनर जिथे थांबेल ती जागा चुकीची. कॅम मोकळा असला की बेल्ट दोन्ही बाजूंना सारखा बसतो. हा टप्पा मॅन्युअलमध्ये आहे, गॅरेजमध्ये जवळपास कोणीच करत नाही, कारण नंतर टॅपेट सेट करायला तासभर जातो.

दुसरा अडथळा टेन्शनरची पाटी. टेन्शनरच्या मागे एक पत्र्याची पाटी असते, तिचा छोटा उंचवटा टेन्शनरच्या भोकात बसायला हवा. बसला आहे की नाही याची परीक्षा: पाटी हाताने सरकवली की टेन्शनरही तिच्याबरोबर त्याच दिशेने सरकला पाहिजे. पाटी सरकली आणि टेन्शनर जागेवरच राहिला तर उंचवटा बाहेर आहे. असे झाले की स्प्रिंग पाटीला ओढते, बेल्टला नाही. मग बेल्ट सैल राहतो, माणूस ‘स्प्रिंग कमजोर आहे’ म्हणतो आणि पेचकसाने रेटतो. 9 मे रोजी दिसलेल्या खुणा बहुधा याच मार्गाने आल्या.

टेन्शनरचा बोल्ट आणि स्टड दोन्ही फक्त बोटाने टेकवले. स्प्रिंग तिच्या रबरी आवरणासकट अडकवली. टेन्शनर बेल्टपासून दूर ढकलून बोल्ट हाताने थोडा आवळून तिथे धरून ठेवला.

खुणा पुन्हा: क्रँकचा पंचमार्क बाणासमोर, कॅमची खूण ‘व्ही’समोर. बेल्टवर छापलेला बाण इंजिन फिरण्याच्या दिशेने. आधी क्रँकच्या पुलीवर बेल्ट बसवायचा, टेन्शनर नसलेल्या बाजूने वर न्यायचा, तिथे ढील शून्य ठेवून कॅमच्या पुलीवर चढवायचा आणि उरलेली ढील टेन्शनरकडे सोडायची. दात अर्ध्यावर बसत असेल तर कॅम किंचित पुढेमागे करून दात मिळवायचा, तोही खूण ‘व्ही’वरून न हलू देता. बेल्ट पेचकसाने उपसून चढवायचा नाही.

आता बोल्ट सैल केला. टेन्शनर स्वतःहून बेल्टवर येऊन टेकला, हात लावला नाही. क्रँक घड्याळाच्या दिशेने दोन पूर्ण फेरे, सावकाश. मधे थांबून मागे फिरवायचे नाही: मागे फिरवले की ओढणारी बाजू सैल होते आणि ढील नको तिथे जाते. खूण चुकून पुढे गेली तर मागे येण्याऐवजी पुन्हा दोन फेरे मारायचे. दोन फेऱ्यांनंतर क्रँकची खूण बाणावर, कॅमची ‘व्ही’वर, टेन्शनर नसलेली बाजू ताठ.

मग कसण्याचा क्रम: आधी स्टड 9–12 न्यूटन-मीटर, नंतर बोल्ट 24–30 न्यूटन-मीटर. उलटे केले तर बोल्ट कसताना टेन्शनर पान्याच्या दिशेने किंचित फिरतो आणि ताण बदलतो. कसून झाल्यावर पुन्हा दोन फेरे आणि खुणांची पुन्हा तपासणी. चारही खुणा एका सरळ रेषेत.

बेल्ट चिमटीत धरून 90 अंश पिळायचा तो गॅरेजातला प्रसिद्ध प्रयोग या इंजिनासाठी नाही. त्याने ताण लावायचा नाही, फार तर काहीतरी भलतेच झाले आहे एवढे ओळखता येते.

हे सगळे थंड इंजिनावर. ब्लॉक आणि हेड ॲल्युमिनियमचे असल्याने गरम झाल्यावर क्रँक आणि कॅम यांच्यातले अंतर वाढते: ते 300 मिमी धरले आणि तापमान 60 अंशांनी वाढले तर साधारण 0.4 मिमी. म्हणजे गरम इंजिनावर बसवलेला बेल्ट सकाळी थंडीत सैल असतो, आणि दात सुटण्याची शक्यता थंड सेल मारतानाच सर्वात जास्त. थंडीत हाताने कडक केलेला बेल्ट उलट गरम झाल्यावर आणखी ताणला जातो. मग शिट्टी, टेन्शनरच्या बेअरिंगची खरखर आणि कॅमच्या पुढच्या जर्नलवर विनाकारण भार.

12 मे: टॅपेट आणि बंद करणे

टॅपेट थंड इंजिनावर: इनटेक 0.13–0.17 मिमी, एक्झॉस्ट 0.16–0.20 मिमी. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर वर असताना 1 चे दोन्ही, 2 चा इनटेक, 3 चा एक्झॉस्ट. क्रँकचा एक फेरा मारून 4 चे दोन्ही, 3 चा इनटेक, 2 चा एक्झॉस्ट. लॉकनट 15–20 न्यूटन-मीटर. कसल्यावर फिलर गेज पुन्हा घालून बघायचा, स्क्रू लॉकनटबरोबर थोडा फिरतोच. रॉकर कव्हर फक्त 4–5 न्यूटन-मीटर. तिथे जास्त जोर लावला की गॅस्केट पिळून बाहेर येते आणि गळती थांबण्याऐवजी सुरू होते.

कव्हर नव्या पट्टीसह. क्रँक पुलीचे एम6 बोल्ट 10–12 न्यूटन-मीटर, वॉटर पंपाची पुली, फॅन, शाऊड. फॅन बेल्ट 10 किलो दाबल्यावर 6–9 मिमी दबला पाहिजे. कूलंट भरले, रेडिएटरचे झाकण उघडे ठेवून हवा निघेपर्यंत आयडलला चालवले, पातळी भरून झाकण लावले.

पहिल्या सेलला सुरू. डिस्ट्रिब्युटर आता खाचेच्या जवळपास मध्यावर आहे. टायमिंग लाइटने बॉनेटखालच्या लेबलवरच्या आकड्यावर आणला. कार्ब्युरेटरचा मिक्श्चर स्क्रू आधी बराच मोकळा सोडलेला होता, उशिराच्या टायमिंगवर आयडल धरून ठेवण्यासाठी. तो व्हॅक्यूम गेज बघत पुन्हा बसवला.

मापे: व्हॅक्यूम 17 इंच, स्थिर. कॉम्प्रेशन 12.9, 13.0, 12.8, 13.0. शिट्टी नाही.

19 मे

कव्हरच्या खालच्या कडेला ऑइल नाही, पंपाच्या गळतीच्या भोकाखाली कूलंट नाही. कूलंटची पातळी बोटभर उतरली होती, भरली. थंड इंजिनाला पहिल्या दोन सेकंदांत कव्हरवर बेल्ट आपटल्याचा फटफट आवाज येतो का ते ऐकले. आला असता तर ताण कमी आहे असे समजून सगळे पुन्हा उघडावे लागले असते.

16 जून

पाऊस सुरू झाल्यावर पाण्यातून गेलेली गाडी. बाहेरचे कव्हर वरच्या बाजूने उघडून टॉर्चने पाहिले. आत कोरडे. बेल्टची दोन्ही कडा सारख्याच काळ्या, पुलीच्या मधोमध चालतो आहे. कव्हरच्या तळाशी थोडी काळी भुकटी; नव्या बेल्टची पहिल्या काही दिवसांत निघते. ती लालसर किंवा चिकट असती तर माती किंवा ऑइल.

टेन्शनरला हात लावलेला नाही आणि पुढेही लावायचा नाही. ‘हजार किलोमीटरनंतर बेल्ट पुन्हा ताणा’ हा सल्ला इथे लागू नाही. बोल्ट सैल करायचाच झाला तर टॅपेट मागे घेण्यापासून सगळा क्रम पुन्हा, तोही थंड इंजिनावर.

मालकाला सांगितलेली एक गोष्ट नोंदीत असावी: चढावर तोंड करून गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेकशिवाय उभी करू नये. गाडी मागे सरकली की चाके इंजिन उलटे फिरवतात आणि बेल्टची ढील ओढणाऱ्या बाजूला येते. नीट बसवलेला बेल्ट ते झेलतो. जुना आणि सैल असेल तर दात सोडतो. हँडब्रेकची केबल ताणून दिली.

बॉनेटच्या आतल्या बाजूला स्टिकर: बेल्ट, टेन्शनर, स्प्रिंग, दोन्ही सीलं, वॉटर पंप, 12 मे, मीटरचे वाचन, बेल्टचा भाग क्रमांक.